मेंदूचा मुका मार

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण तोफखान्यातले आहेत, हे मला मघाशी चहाच्या वेळीच कळलं. देवळालीच्या इतक्या जवळ कार्यक्रम म्हटल्यावर ते असायचंच. एक सुभेदारसाहेब मला म्हणाले, "मॅडम, जरा मोठ्यानं बोला, आमचे कान तोफेनं खाल्लेत." मी मोठ्यानं बोलेन. पण माझा विषय त्या कानांपासून दोन बोटं आत आहे. तोफेनं, सुरुंगानं कान जातात हे आपण धरूनच चालतो. त्याच धक्क्यानं मेंदूचं काय होतं, आणि असा मेंदू घेऊन घरी परतलेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार का येतात, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

बोलताना मी पुन्हा पुन्हा अमेरिकेची उदाहरणं देईन. त्याचं कारण साधं आहे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांनंतर तिथे हा प्रश्न इतका वाढला की तो मोजणं भाग पडलं, आणि तिथल्या माजी सैनिकांची सरकारी आरोग्यसेवा इतकी मोठी आहे की लाखो माणसांच्या नोंदी एकाच व्यवस्थेत सापडतात. माणसाची कवटी मात्र सगळीकडे सारखीच असते.

८ जानेवारी २०२० ची रात्र. इराकमधल्या अल-असद हवाई तळावर अमेरिकी सैनिक होते, तिथे इराणनं क्षेपणास्त्रं डागली. आधी सूचना मिळालेली होती, त्यामुळे बरेच सैनिक बंकरमध्ये गेले होते. सकाळी वॉशिंग्टनहून जाहीर झालं की आपल्या एकाही माणसाला इजा झालेली नाही. ते तेव्हा खरंच वाटत होतं, कारण कुणाच्या अंगातून रक्त आलं नव्हतं. मग आठवड्याभरात आकडा आला, अकरा. मग चौतीस. मग पन्नास, चौसष्ट, आणि शेवटी एकशे दहा. सगळ्यांचं निदान एकच, मेंदूला इजा. मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी डोकेदुखी असल्याचं ऐकलंय, पण ते काही फार गंभीर नाही, अशा अर्थाचं उत्तर दिलं. युद्धात जखमी झालेल्यांना तिथे पर्पल हार्ट हे पदक देतात. त्या रात्रीसाठी आधी एकोणतीस जणांना ते मिळालं, आणखी एकोणचाळीस जणांना मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला.

आपल्या मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे, मुका मार. झाडावरून पोर पडलं, खरचटलं नाही, रक्त नाही, पण रात्री कण्हायला लागलं की आजी म्हणायची, मुका मार लागलाय, हळद गरम करा. मुका मार हाडामांसाला लागला तर चार दिवसांत काळानिळा होऊन वर दिसतो. मेंदूला लागला तर तो वर कधीच येत नाही.

मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. हातात घेतला तर खरवसासारखा, बोट दाबलं तर रुतणारा. हा खरवस पाण्यात तरंगत एका कडक डब्यात ठेवलेला आहे. डबा झटक्यानं हलला की आतला ऐवज मागून पुढे आणि पुढून मागे आदळतो. आणि डब्याचा तळ गुळगुळीत नाही. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वर जिथे मेंदूचा पुढचा भाग टेकतो, तिथे हाडाला उंचवटे आहेत, कडा आहेत. म्हणून मार डोक्याला कुठूनही बसला तरी पुढचा भाग आणि कानशिलांजवळची टोकं जास्त सोलवटतात. शिवाय आत दूरवर पसरलेले चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात. स्फोटात याच्या जोडीला हवेच्या दाबाची लाट असते. ती शरीरातून आरपार जाते. हेल्मेट तुकडे अडवतं, लाट अडवत नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातले डॉ. डॅनियल पर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फोटात सापडलेल्या काही मृत सैनिकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना एका ठरावीक जागी व्रण दिसले. जिथे एक प्रकारचा ऊतक संपून दुसरा सुरू होतो तिथे, म्हणजे मेंदू आणि पाणी यांच्या सीमेवर, करड्या आणि पांढऱ्या द्रव्याच्या सीमेवर, रक्तवाहिन्यांच्या कडेनं. दाबाची लाट वेगवेगळ्या घनतेच्या पदार्थांतून जाताना जिथे तडाखा देईल असं भौतिकशास्त्र सांगतं, बरोबर तिथेच. मेंदू थोडेच होते, त्यामुळे या एका निष्कर्षावर सगळं उभं करता येणार नाही. पण जिवंतपणी केलेल्या नेहमीच्या स्कॅनमध्ये हे व्रण दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो. बायको म्हणते, रिपोर्ट तर चांगलाय. साहेब म्हणतात, रिपोर्ट तर चांगलाय. आणि तो माणूस एकटा उरतो, कारण आता त्याच्या त्रासाला कागदाचाही आधार नाही.

डॉक्टरांच्या भाषेतल्या एका शब्दाचंही मला वाईट वाटतं. तो शब्द म्हणजे 'सौम्य'. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी, टीसडेल आणि जेनेट यांनी, शुद्धी मोजायची एक पट्टी तयार केली. डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. १३ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर इजा सौम्य. अपघात विभागात ही पट्टी आजही अनमोल आहे, मी स्वतः ती रोज वापरते. पण ती त्या घडीची शुद्धी सांगते, पुढच्या दहा वर्षांचं आयुष्य सांगत नाही. अमेरिकी सैन्यात २००० सालापासून पाच लाखांच्या आसपास लोकांना मेंदूच्या इजेचं निदान झालंय आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रकरणं 'सौम्य' या रकान्यात आहेत. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. यातल्या बहुतेक इजा रणांगणावर झालेल्या नाहीत. सराव, गाडीचे अपघात, खेळ, यांत झालेल्या आहेत. म्हणजे ज्यानं कधी लढाई पाहिली नाही, त्यालाही हे लागू आहे.

हेही तितक्याच ठामपणे सांगते की एकदा सौम्य मार लागलेली बहुतेक माणसं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. इथून घरी जाऊन कुणी स्वतःचं डोकं चाचपत बसू नये. मी बोलतेय ते उरलेल्यांबद्दल, आणि ज्यांना मार पुन्हा पुन्हा लागला त्यांच्याबद्दल.

आता मरणाच्या विचारांकडे येते.

मेंदूचा पुढचा भाग काय करतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांना असं सांगते की तो घरातला वडीलधारा आहे. राग आला की तो म्हणतो, थांब, आधी पाणी पी. निराशा आली की म्हणतो, झोप आता, उद्या बघू. एक वाट बंद झाली की म्हणतो, चल, मागच्या दारानं जाऊ. मरणाची तीव्र इच्छा बहुतेकदा लाटेसारखी येते, चढते, आणि ओसरते. काही मिनिटं, काही तास. त्या वेळात हा वडीलधारा धरून ठेवतो. ज्याच्या मेंदूत नेमका हाच भाग दुखावलाय, त्याची लाट तीच असते, पण धरणारा हात थकलेला असतो. मागचं दार असतं, पण ते त्याला दिसत नाही. 'उद्या' ही कल्पनाच त्याला उभी करता येत नाही.

त्यात झोप मोडलेली. डोकं सतत दुखणारं. प्रकाश सहन होत नाही, गोंगाट सहन होत नाही. ज्या हवालदारानं तीस माणसांची हजेरी तोंडपाठ ठेवली, तो बाजारात तीन भाज्यांची नावं विसरतो. पोराला ओरडतो आणि पाच मिनिटांनी स्वतःच रडतो. मग एक दिवस त्याच्या मनात येतं की मी या घरावर ओझं झालोय. आत्महत्येचा अभ्यास करणारे लोक या ओझ्याच्या भावनेला फार गांभीर्यानं घेतात, कारण ती मरणाच्या विचारांच्या अगदी शेजारी राहते.

इथे मी माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगते. ते मीडियम रेजिमेंटमध्ये गनर होते. एकाहत्तरच्या लढाईत होते. घरी कुकरची शिट्टी झाली की ते उठून परसात जायचे. दुपारी खिडक्या लावून अंधारात बसायचे. आम्ही मुलं म्हणायचो, फौजी खाक्या आहे. एकदा जेवताना ते आईला म्हणाले, "मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं बरं झालं असतं." आई म्हणाली, "असं अभद्र बोलू नये," आणि त्यांच्या पानात भाकरी वाढली. विषय संपला. ते पुढे बरीच वर्षं जगले, आजारानं गेले. त्यांच्या मेंदूला काय झालं होतं हे मला आज सांगता येणार नाही, कुणी तपासलंच नाही. पण ते वाक्य काय होतं हे मला आता कळतं. त्या ताटावर आम्ही पाच जण होतो आणि एकानंही पुढचा प्रश्न विचारला नाही.

पुरावा काय, असं तुम्ही विचाराल. २०१३ मध्ये क्रेग ब्रायन आणि ट्रेसी क्लेमन्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी इराकमध्येच, सैनिकांसाठीच्या मेंदू-इजा दवाखान्यात आलेल्या १६१ जणांना विचारलं. ज्यांना मेंदूची इजा नव्हती, त्यांच्यापैकी कुणीही आयुष्यात कधी आत्महत्येचा विचार आल्याचं सांगितलं नाही. एकदा मार लागलेल्यांत असं सांगणारे ६.९ टक्के. एकाहून जास्त वेळा मार लागलेल्यांत २१.७ टक्के. संख्या लहान आहे, पण पायरी स्पष्ट आहे. त्याआधी, २०११ मध्ये, लिसा ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या सरकारी नोंदी तपासल्या होत्या. मानसिक आजारांचा हिशेब वेगळा काढल्यावरही मेंदूची इजा असलेल्यांत आत्महत्येनं मृत्यू येण्याचा धोका दीडपटीहून थोडा जास्त होता. आणि हे फक्त सैनिकांपुरतं नाही. डेन्मार्कमध्ये १९८० ते २०१४ या काळातली सत्तर लाखांहून जास्त लोकांची नोंद पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. डोक्याला मार लागून दवाखान्यात गेलेल्यांत हा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. इजेनंतरचे पहिले सहा महिने सगळ्यात नाजूक.

टक्केवारीतला धोका दुप्पट झाला तरी बहुसंख्य माणसं जगतात, हे विसरू नका. मी घाबरवायला आलेले नाही.

आणि एक प्रामाणिक आक्षेपही तुमच्यापुढे ठेवते, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये चार्ल्स होग यांनी इराकहून परतलेल्या अडीच हजारांवर अमेरिकी पायदळ सैनिकांना तपासलं. ज्यांची इजेच्या वेळी शुद्ध हरपली होती, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्क्यांना युद्धाच्या आघातातून येणारा मानसिक त्रास होता, ज्याला आपण पीटीएसडी म्हणतो. हा त्रास आणि नैराश्य बाजूला काढून हिशेब केला, तर सौम्य इजेचा आणि बाकीच्या तक्रारींचा संबंध जवळजवळ पुसला गेला. उरली फक्त डोकेदुखी. यावरून काही जण म्हणतात, म्हणजे सगळं मनाचंच आहे. मला हा निष्कर्ष पटत नाही. ज्या क्षणी मेंदू आदळला, त्याच क्षणी शेजारचा मित्र गेला. एकाच स्फोटानं दोन्ही केलं. शिवाय भीतीला आवर घालणारा भागही तोच पुढचा मेंदू. तो दुखावला की भीती मावळत नाही. मन आणि मेंदू यांची वाटणी कागदावर करता येते, माणसात करता येत नाही. होग यांच्या कामातून मी घेते ते वेगळं. नैराश्य आणि पीटीएसडी यांवर उपचार आहेत. मग मेंदूचे व्रण पुसता आले नाहीत तरी मरणाच्या विचारांचा बराच मोठा भाग आपल्या हाताच्या टप्प्यात आहे.

ही वाटणी न जमल्याची किंमत सैनिकांनी आधीही मोजली आहे. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. धक्क्यानं मेंदू दुखावला की मन, यावर वाद झाला. आणि त्याच महायुद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानं आपल्याच तीनशेहून जास्त शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. त्यांच्यापैकी कितींना मुका मार होता, हे तपासायला कुणी उरलं नव्हतं.

तोफखान्यातल्या मंडळींसाठी आता थोडं. इतके दिवस लक्ष होतं शत्रूच्या स्फोटाकडे. आपल्याच तोफेचा धक्का कुणी मोजत नव्हतं. २०१७ मध्ये सीरियातल्या रक्काच्या लढाईत अमेरिकी मरीन सैनिकांच्या एका तोफखाना तुकडीनं पाच महिन्यांत ३५,००० गोळे डागले. त्यांच्यावर समोरून फारसं काही येत नव्हतं. तरीही तशा तुकड्यांतली माणसं परत आल्यावर झोप, राग, विस्मरण, मरणाचे विचार यांनी ग्रासली, आणि पुष्कळदा त्यांचं दुखणं फक्त मनाचं किंवा शिस्तीचं मानलं गेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं दाबाची एक मर्यादा ठरवली, चार पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला चार पौंड, आणि नव्या भरतीच्या सैनिकांची स्मरण-विचारशक्ती सुरुवातीलाच तपासून ठेवायचा आदेश काढला. पुढे काही बिघडलं तर तुलना करायला आधीची नोंद हवी. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं, आणि प्रत्येक देशाच्या सैन्यानं ते उचलावं असं वाटतं.

फोनवर काहीबाही वाचून घाबरलेलेही इथे असतील. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूत सापडलेला, डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून मेंदू झिजवणारा सीटीई नावाचा आजार आपल्यालाही झालाय, आता आपण संपलो, असं कितीतरी माजी सैनिक मानतात. २०२२ मध्ये पर्ल यांच्याच गटानं २२५ मृत सैनिकांचे मेंदू तपासले. सीटीई सापडला दहांमध्ये, आणि ते दहाही जण धक्काबुक्कीचे खेळ खेळलेले होते. म्हणून कुणीही स्वतःच स्वतःला हा शिक्का मारून आशा सोडू नये. आशा सोडणं हाच मोठा धोका आहे. सिडनीमध्ये ग्रॅहम सिम्पसन यांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्यांसाठी केवळ या निराशेवर काम करणारा उपचार तयार केला, आणि पुढे तो अमेरिकी माजी सैनिकांसाठी बसवला गेला. सिम्पसन यांनी तपासलेल्या १७२ रुग्णांत ३५ टक्के लोक निराशेत होते आणि २३ टक्क्यांच्या मनात मरणाचे विचार होते. यावरून त्या माणसांना काय हवं होतं ते कळतं.

घरी काय करायचं? सगळ्यात आधी, विचारायचं. थेट. "तुमच्या मनात मरायचे विचार येतात का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. दुसरं, बरं असताना बसून एक कागद लिहायचा. माझी लाट चढायला लागली की मला कसं कळतं, मी काय करतो म्हणजे ती उतरते, कुणाला फोन करायचा, कुठे जायचं. अमेरिकेत स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी ही पद्धत बसवली, आणि अपघात विभागातून घरी पाठवताना असा कागद आणि मागोमाग विचारपूस करणारे फोन दिल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेनं जाणारं वागणं ४५ टक्क्यांनी कमी झालं. मेंदूला मार असेल तर हा कागद मोठ्या अक्षरांत लिहा, चार-पाच ओळींचा ठेवा, आणि त्याला सापडेल अशा ठिकाणी लावा. त्या घडीला स्मरणशक्ती साथ देत नाही.

घरात परवान्याचं हत्यार असेल तर वाईट दिवसांत ते भावाकडे, मित्राकडे, नियमात बसेल तिथे कुलपात ठेवायला द्या. त्यात त्याचा अपमान नाही. लाट ओसरेपर्यंत वेळ मिळावा, इतकंच. आणि कॅन्टीनच्या रमबद्दल मी बोलले नाही तर माझं काम अपुरं राहील. दुखावलेल्या मेंदूवर दारू म्हणजे त्या थकलेल्या वडीलधाऱ्यालाच झोपवणं.

१४४१६ हा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये घालून ठेवा. टेलि-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात याचाच वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर, असा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. पोलीस येतील, पेन्शन जाईल, या भीतीनं गप्प बसू नका.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे. नाव नाही. लिहिलंय, "ते डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. म्हणतात, मला काय वेड लागलंय का?" ताई, त्यांच्याशी मनाबद्दल बोलायला सुरुवात करू नका. डोकेदुखीपासून करा, झोपेपासून करा. डोकेदुखीसाठी फौजी माणूस दवाखान्यात येतो. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून न्या की डोक्याला मार कधी कधी लागला, स्फोट किती जवळ होता, किती वर्षं तोफेवर होते, गाडी कधी उलटली. हे डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही, तुम्ही सांगा. चिठ्ठीत खाली आणखी एक ओळ आहे, ती मी इथे वाचत नाही. कार्यक्रम संपल्यावर लगेच निघून जाऊ नका. मी बाहेर पाण्याच्या पिंपाजवळ थांबते, सगळे जाईपर्यंत.